अंजूरची पुढून वाकलेली पिकअप

ती पिकअप मला आजही आठवते, आणि तिच्याबरोबर माझी झालेली फजितीही. आमच्या खात्यातले बरेच जण निवृत्तीनंतर फक्त पकडलेले चोर सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाच्या हातून कधी कोणी सुटलंच नाही. मी सांगणार आहे ती गोष्ट अशा माणसाची, ज्याला मी मोठ्या थाटात पकडलं आणि ज्याने कसलीच चोरी केली नव्हती.

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी भिवंडीत होतो. तिथे पोलिसाला एक विद्या आपोआप येते. गाडीतलं ओझं ताडपत्री न उघडता ओळखायचं. मागच्या चाकांवरचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या, किती दबल्यात ते बघायचं. पाटे सरळ झालेले आणि चालक म्हणतो गाडी रिकामी, तर चालक खोटं बोलतो. काल्हेरच्या गोदामांपासून कोनच्या रस्त्यापर्यंत आम्ही सगळे नाकाबंदीला उभे राहिलो की आधी पाटे बघायचो, मग चालकाचं तोंड. या विद्येचा मला गर्व होता. नव्या शिपायांना मी ती हातवारे करून शिकवायचो.

त्या पावसाळ्यानंतर एका बंद लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमधून विजेच्या मोटारी चोरीला जायला लागल्या. आत तांब्याची वायंडिंग असते, त्यामुळे भंगारात चांगला भाव. फिर्याद दाखल झाली, शेडमालक रोज ठाण्यात येऊन बसायला लागला, आणि वरिष्ठांचे फोन सुरू झाले. अशात आमच्या काल्हेरच्या खबऱ्याचा निरोप आला. तो पानवाला होता आणि रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी त्याला पाठ होती.

तो म्हणाला, एक जुनी पिकअप रोज सकाळी अंजूरच्या बाजूने येते. आठ-दहा टोपल्या भाजी, बाकी रिकामी. मागून गाडी ताठ, पण पुढून नाक खाली. महिन्याभरात ते आणखी खाली गेलंय.

मी खुर्चीतच सरळ झालो. माल भरलेली गाडी मागे बसते. ही पुढे बसत होती. म्हणजे ओझं पुढे. पुढे काय असतं? केबिन. केबिनमध्ये काय असतं? सीट. आणि सीटखाली? मी सगळ्या स्टाफकडे बघून तिथे थोडा थांबलो. हवालदार म्हणाले, "बॅटरी असते साहेब." त्यांना नाटकातलं काही कळत नसे. मी जाहीर केलं की सीटखाली चोरकप्पा आहे आणि त्यात मोटारी आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन आम्ही काल्हेरला गाडी अडवली. चालवणारे साठीचे गृहस्थ, अंगात पांढरी बंडी, खांद्यावर टॉवेल. नाव सांगणार नाही. मी त्यांना काका म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. झडतीत निघालं ते असं: मागे भेंडी, पालक आणि शिराळी. सीटखाली बॅटरी, पाना आणि जॅक. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

पण नाक खाली होतं ते होतंच. मी वाकून बघितलं. पुढच्या पाट्यांतल्या निम्म्या पट्ट्या गायब. पट्ट्या आवळणाऱ्या यू-बोल्टचे नट नवे, ग्रीस ताजं. चाक वळवलं तर टायर मडगार्डला घासत होता.

"पट्ट्या कुठं गेल्या?"

"काढल्या."

"कुणी?"

"मीच काढायला लावल्या. गाडी माझी हाय, पाटं माझं हाय. काढलं त माझं काढलं."

कशासाठी, असं विचारल्यावर काका रस्त्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "हौस."

कॉलेजची पोरं हौसेने गाडी खाली करतात हे मला माहीत होतं. साठीच्या भाजीवाल्याची हौस मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी त्यांना चौकशीसाठी ठाण्यात आणलं, गाडी आवारात लावली, स्टेशन डायरीत नोंद केली.

आता चौकशीबद्दल एक सांगतो. खोटं बोलणारा माणूस खूप बोलतो. काका बोलतच नव्हते. मिस्त्री कोण? सांगणार नाही. पट्ट्या एकदम काढल्या का? नाही, एकेक करून. दर पंधरवड्याला एक. एकेक का? गप्प. मी आवाज चढवून पाहिला, मग चहा मागवून पाहिला. चहा त्यांनी घेतला. दोन तासांत त्यांनी आपणहून एकच वाक्य उच्चारलं.

"सायेब, मना दोन दिस ठेवा, पन घरी कुनाला धाडू नका."

असं कोणी म्हटलं की पोलीस काय करतो? मी ताबडतोब एका शिपायाला अंजूरला पाठवलं. दुसरीकडे हवालदारांना मिस्त्री शोधायला लावलं. ते कोनच्या रस्त्यावरचं एकेक गॅरेज पालथं घालत गेले आणि तासाभरात मिस्त्रीला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आले. त्याच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेल्या पट्ट्या होत्या. तेल लावून, खडूने नंबर घालून जपून ठेवलेल्या. चोरीचा मुद्देमाल कोणी इतक्या मायेने ठेवत नाही, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

मिस्त्री उत्तरेकडचा, बोलका. त्याने मला बाजूला घेतलं आणि काकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं, "साहब, ये चाची के वास्ते है. चाची को मालूम नहीं पड़ना चाहिए, बस."

मग सगळं बाहेर आलं. काकांच्या बायकोला, म्हणजे काकींना, उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. तोंड सावरलं, हात बराचसा सावरला, डावा पाय राहिला. त्याआधी पंचवीस वर्षं दोघं एकत्र बाजाराला येत. काका गाडी चालवत, काकी पुढे बसत आणि भाजी विकत. काकांना भाव करता येत नाही, गिऱ्हाईक जे म्हणेल त्याला ते मान डोलावतात. झटक्यानंतर पहिल्यांदा बाजाराला निघायचं ठरलं तेव्हा काकींचा पाय पिकअपच्या पायरीपर्यंत पोचेना. शेजारच्या दोघांनी त्यांना उचलून सीटवर ठेवलं. अख्खी आळी बघत होती. त्या तशाच खाली उतरवायला लावून घरात गेल्या. म्हणाल्या, मी काय गोणी हाय उचलून ठेवायला? त्यानंतर अंगणाबाहेर पाऊल नाही. डॉक्टर सांगत होते, पाय वापरला तर सुधारेल, नाही वापरला तर गेला. काकी पाय वापरत नव्हत्या.

रोज सकाळी निघताना काका दार उघडून म्हणत, बघ त टाकून. काकी एकदा पाय उचलत, पोचला नाही की आत निघून जात. पायाला पायरीपर्यंत नेता येत नव्हतं. मग काकांनी पायरी पायापर्यंत आणायचं ठरवलं. नवं काही घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून असलेलंच काढायला सुरुवात केली. एक पट्टी काढली की गाडी बोटभर खाली येई. एकदम खाली आणली असती तर काकींनी ओळखलं असतं. म्हणून पंधरवड्याला एक. आणि दर पंधरवड्याला काकींना वाटे की आपला पाय बोटभर वर गेला. मिस्त्री म्हणाला, आता चाची रोज घरात भिंत धरून पाय उचलायचा सराव करते. परवा तिचा अंगठा पायरीला लागला.

मी घड्याळ बघितलं. माझा शिपाई अंजूरला पोचला असणार. तो हुशार होता, म्हणजे विचारलं नसतानाही सगळं सांगणारा. गाडीचे पाटे काढलेत म्हणून तुमच्या मालकाला धरलंय, एवढं वाक्य त्याच्या तोंडून निघालं की काकांचे चार महिने पाण्यात. त्याला परत बोलवायचं साधन माझ्याकडे नव्हतं. मी अंजूरच्या दिशेने जीप काढायला सांगितली, आणि तेवढ्यात आवारात एक रिक्षा येऊन थांबली.

आधी काठी बाहेर आली, मग काकी. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. माझा शिपाई पुढे चालकाशेजारी अंग चोरून बसला होता. त्याचा चेहरा बघून कळलं की वाटेत याला फार बोलायला मिळालेलं नाही. नंतर त्याने सांगितलं, "काकांना चौकशीला ठेवलंय" एवढंच तो म्हणाला आणि काकींनी रिक्षा थांबवली.

काकी ठाण्याच्या तीन पायऱ्या चढून आल्या. कोणी हात द्यायला गेलं त्याला काठी दाखवली.

"सायेब कोन हाय?"

मी उभा राहिलो. मी वरिष्ठांसाठीही इतक्या चटकन उभा राहत नसे.

"काय केलं यांनी?"

बाकावर काका बसले होते, मान खाली. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. हातातला टॉवेल पिळून पिळून त्याची दोरी झाली होती. सेवेत माझ्याकडे अनेकांनी दयेची याचना केली, पण इतकी मुकाट्याने कोणी केली नाही.

मी म्हणालो, "काही नाही काकी. एक चोरीची गाडी शोधतोय. तिचा रंग असाच आहे. आमची चूक झाली."

"रंग बघून मानूस आत घालतां? मंग सगल्या भिवंडीलाच घाला. सगल्यांच्या गाड्या मातीच्याच रंगाच्या हायेत."

हवालदार खोकला आल्यासारखं करून बाहेर गेले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. काकी पाच मिनिटं बोलल्या, पालक सुकला त्याचं काय, इथवर. मग काकांना म्हणाल्या, "उठा. चला."

आवारात पिकअप उभी होती. काका दार उघडून उभे राहिले, पण काकींकडे न बघता काच पुसायला लागले. मी खिडकीत होतो. माझ्यामागे अख्खा स्टाफ. काकींनी काठी आत टाकली, दांडा धरला, डावा पाय उचलला. पायरीच्या कडेला टेकला, थरथरला, आणि वर गेला. दुसऱ्या क्षणी त्या सीटवर बसलेल्या होत्या. शिपाई तोंड उघडून बघत होता, त्याला म्हणाल्या, "बघतंस काय? पाय हाय माझा."

काका वळून काच पुसतच राहिले. पुसलेली काच परत पुसली.

गाडी सुरू करण्याआधी मी काकांना कागदावर सही घ्यायच्या निमित्ताने आत बोलावलं आणि साहेबाच्या आवाजात सांगितलं की टायर घासतोय, हेडलाइट जमीन बघतायत, अशी गाडी रस्त्यावर चालवणं गुन्हा आहे आणि कोणाच्या तरी जिवावर बेतेल. पट्ट्या परत घालायच्या. काकांचा चेहरा पडला. मी म्हणालो, "एकदम कोण म्हणतंय? काढल्या तशा घाला. आणि तोवर दिवसा चालवा, हळू चालवा." नियमात हे कुठेच बसत नव्हतं. तोंडीच सांगितलं, कुठे लिहिलं नाही.

पुढचे काही महिने बाजारातून जाताना माझी नजर त्या पिकअपकडे जायचीच. काकी भाव करत, काका मागे उभे राहून मान डोलावत. गाडी बोटाबोटाने वर येत होती. शेवटची पट्टी बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बाजार उठायच्या वेळी गेलो. काकींनी पाय उचलला तो पायरीला आदळून खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. काकांच्या हातातली रिकामी टोपली तशीच राहिली. तिसऱ्या वेळी काकींनी दांडा दोन्ही हातांनी धरला, एक श्वास घेतला आणि चढल्या. बसल्यावर पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "ऊन वाढलंय. आज पाय जड झाला."

"व्हय, ऊन लय हाय," काका म्हणाले.

मोटारींचा तपासही लागला. शेडचा रखवालदारच एकेक करून विकत होता. शेडमालकाबरोबर रोज ठाण्यात येऊन, चहा पिऊन आमच्याशी गप्पा मारायलाही तोच बसायचा.

आता काका आणि काकी दोघंही नाहीत, म्हणून हे लिहितो. ही हकिगत सांगितली की लोक एकच विचारतात: काकींना कळलं होतं का? पंचवीस वर्षं ज्या गाडीत बसली ती गाडी खाली गेलेली बाईला कळणार नाही? मला विचारता आलं असतं. बाजारात काकी नेहमी मला बोलवून पालकाची एक जुडी जबरदस्तीने हातात द्यायच्या, काका बाजूला नसायचे, प्रश्न जिभेवर यायचा. चौकशी कशी करायची हे खात्याने मला पूर्ण शिकवलं होतं. ती कुठे थांबवायची, हे मी त्या दोघांकडून शिकलो. पालक घेऊन मी जीपमध्ये बसायचो.