गजूभाऊचं लिव्हर

ऑटो स्टँडवर सवारी येवो न येवो, किस्सा येतोच. पण भाऊ गेल्यापासून माझ्याकडे एकाच जातीचे किस्से जमले आहेत. माझा भाऊ कशानं मेला, हे मलाच शिकवणाऱ्यांचे! डोकं इतकं भरलं आहे, की कोणाच्या तरी अंगावर ओतल्याशिवाय राहवत नाही. बसा.

गजूभाऊ, माझा मोठा भाऊ, माझ्यासारखाच भंडाऱ्यात बस स्टँडबाहेर ऑटो चालवायचा. त्याला फ्लू झाला. ताप, खोकला, मग धाप. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तोवर डोळे पिवळे. डॉक्टर म्हणाले, "लिव्हरवर मार बसला आहे. पितो का?"

"एक थेंब नाही."

"होतं असं. विषाणू फुप्फुसात असला तरी अंगात ऑक्सिजन कमी पडतो, सूज वाढते, मग लिव्हरही बसतं. बहुतेकांचं थोडं बिघडतं आणि सुधारतं. याचं जास्त आहे."

एवढंच. मी आठवी नापास, मला समजलं. बाकीच्या जिल्ह्याला अजून समजायचं आहे!

*

मामा आंधळगावहून आला. सोबत कावीळ उतरवायला झाडाच्या मुळ्यांची माळ. भावाच्या गळ्यात ती घालून तो कानाशी वाकला. "भाच्या, आता तरी खरं सांग. चोरून घेत होता ना?"

भावाच्या तोंडावर मास्क. काय बोलणार?

मामा बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाला, "'नाही' म्हणाला नाही!"

मी आत गेलो, माळ काढून आणली आणि मामाच्याच गळ्यात घातली.

*

भाऊ गेला. वहिनीजवळ शेजारणी बसायला आल्या. एकीनं हळूच विचारलं, "काहून वो, तुले कधी वास नाही आला का?"

"येत होता ना," वहिनी रडता रडता म्हणाली. "बामचा!"

ती बाई जाताना दारात म्हणाली, "लपवते बिचारी."

*

स्टँडवर रमेश आमचा ज्ञानी. भावाच्या शेजारी त्याचा ऑटो लागायचा. मला म्हणाला, "फ्लू नाकात होते बे. लिव्हर पोटात. गेला कोणत्या रस्त्यानं?"

मी म्हटलं, "एअर फिल्टर चोक झाला तर इंजिन कायले बसते? फिल्टर तर बाहेर असते!"

"इंजिन ऑइलनं बसते. अन् गजूचं ऑइल येगळंच होतं!"

सगळे हसले. रमेशच्या शर्टाची वरची बटणं अजून त्याला सापडली नाहीत.

*

भाऊ का पीत नव्हता, तेही ऐका. देवधर्म काही नाही. दारुडे मागच्या सीटवर ओकायचे आणि ते त्यालाच धुवावं लागायचं. पोळ्याच्या पार्टीत कोणी ग्लास पुढे केला, की म्हणायचा, "हे शेवटी कुठं जाते, मी पाहिलं आहे!"

तेव्हाही सगळे हसले होते. हेच सगळे!

*

तेरवीचं जेवण. पंगत बसली. मामा, रमेश, अख्खं स्टँड. पुतणी मीठ वाढत होती. तेवढ्यात बंडू आला. बंडू बस स्टँडवरचा हमाल, शुद्धीत कमीच असतो. झोकांड्या खात मांडवात शिरला.

"आला पाहा, गजूचा पार्टनर!" पंगतीतून कोणीतरी म्हणालं. खसखस पिकली. पुतणी मिठाचं ताट घेऊन तिथंच थांबली.

बंडू थांबला. "कोण, गजूभाऊ? मी जवानीपासून पेऊन राहिलो. त्यानं माह्यासोबत एक घोट घेतला नाही. मले घरी सोडून द्यायचा अन् रस्ताभर शिव्या द्यायचा."

"मंग तू पेतो कोणासोबत बे?" रमेश ओरडला.

बंडू पंगतीच्या टोकाला गेला. तिथून बोट दाखवत निघाला. "हा. हा. हा आपल्या पोरीच्या लग्नात. हा नेहमी फुकट पेते." रमेशसमोर आला. "हा रोज." शेवटी मामासमोर थांबला, हात जोडले. "अन् हे मामाजी. दवाखान्यातून निघाले त्या दिवशी. लय रडले."

पुतणी पुन्हा मीठ वाढायला लागली.

वहिनी आतून एक पत्रावळ घेऊन आली. बंडूला हाताला धरून बसवलं, समोर ती मांडली आणि विचारलं, "भाऊजी, भात वाढू?"