'हरकत नाही' म्हणणारी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतच सोडून गेले. वाचणाऱ्याने माफ करावं. ती इथे असती तर एवढ्यावरच म्हणाली असती, "काही हरकत नाही, काकी."

तिचं ते वाक्यच होतं. बांगडा करपला, हरकत नाही. लाईट गेली, हरकत नाही. एकदा न्हाणीच्या दगडावरून कावळ्याने तिचा साबण पळवला. केसांना फेस तसाच, ही दारात उभी राहून माडाच्या शेंड्याकडे बघत म्हणाली, "काही हरकत नाही. त्यालाही कुठे तरी जायचं असेल."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यापाशी बसलं की आपल्याही जिवाला हलकं वाटतं. मला तर फारच वाटलं.

आमच्या घरामागची एक खोली आम्ही पर्यटकांना देतो. ते दोन दिवस राहतात, सुरमई खातात, समुद्राचे फोटो काढतात आणि जातात. ही नवरात्रानंतर आली ती आंबे उतरेपर्यंत राहिली. वाढलेली ठाण्याची, आजोळ सावंतवाडीचं. म्हणून मालवणी आपल्याला येतं असा तिचा समज. "तुका", म्हणजे तुला, एवढा एक शब्द तिने आजीकडून उचललेला, तो ती मिठासारखा सगळीकडे टाकायची. "काकी, तुका बसा!" "काकी, तुका चहा झाला?" ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिने एकदा "काका, तुका आला?" असं विचारलं, तेव्हा हे गोठ्यामागे जाऊन हसले.

मी अनोळखी माणसाशी बोलत नाही. पर्यटकांना जेवण वाढते आणि दाराआड उभी राहते, मागितलं तर भात देते. पण ही ताट उचलून स्वयंपाकघरातच यायची आणि पाटावर बसायची.

तिचं काम मला कळायला वेळ लागला. ती मोबाईलवरचा खेळ तयार करत होती. मला वाटलं, गाड्या पळवायचा नाहीतर मारामारीचा. ती म्हणाली, "नाही हो काकी, ह्यात धावायचं नाही की मारायचं नाही. नुसतं वाचायचं. चित्र येतं, खाली माणसांचं बोलणं येतं. कोर्ट भरतं. खेळणारा वकील. साक्षीदार सांगत जातो, त्यात खोटं कुठे आहे ते शोधायचं, पुरावा पुढे करायचा आणि हे लाल बटण दाबायचं." तिने दाबलं. पडद्यावर मोठी अक्षरं आली, "हरकत आहे!"

"आणि तू दिवसभर म्हणतंस हरकत नाय," मी म्हटलं.

ती एवढी हसली की तिला ठसका लागला.

प्रत्येक माणसाचे ती चार चेहरे काढायची. साधा, हसरा, घाबरलेला आणि चौथा मोडलेला. मोडलेला म्हणजे खोटं उघडं पडल्यावरचा. पेन्सिल गालावर आपटत माझ्याकडे बघत बसायची. "काकी, जरा घाबरून दाखवा." मी पदराचं टोक दातात धरायचे, मला तेवढंच येतं. ती म्हणायची, "बस्स, हलू नका!" पहिले तीन चेहरे तिने मला दाखवले. नाक माझं, चमकी माझी, मागे आमची तुळस. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. आमच्या लग्नाचासुद्धा धड फोटो नाही.

ती माझं बोलणं पुरं होईपर्यंत गप्प बसायची. घरात मी बोलायला लागले की कोणाला तरी पाणी हवं असतं, कोणाचा तरी फोन येतो. ती मात्र हातातलं काम ठेवून ऐकायची, भरती म्हणजे काय, सुकती म्हणजे ओहोटी कशी, मुळे म्हणजे खायच्या शिंपल्या कुठल्या चिखलात मिळतात, सगळं. म्हणून मी तिला ते सांगितलं जे मी कोणालाही पुरतं सांगितलेलं नाही.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. वाडीतल्या एकाची जाळी ठेवायची खोप जळाली आणि नाव माझ्या धाकट्या दिराचं आलं. त्या संध्याकाळी सुकती होती. दीर गुडघाभर चिखलात मुळे काढत होता, मी त्याला बांधावरून स्वतः बघितलं. दिराच्या वकिलाने मला साक्षीला उभं केलं. कोर्टात पन्नास माणसं, माझा आवाज फुटेना. त्याने विचारलं, "आरोपी त्या वेळी तुम्हाला दिसला, हो ना?"

मी म्हटलं, "न्हंयर."

आमच्याकडे नदीला न्हंय म्हणतात. न्हंयर म्हणजे नदीवर. लिहून घेणारा घाटावरचा होता. माझ्या दबक्या आवाजात त्याला आणि वकिलालाही 'नाही' ऐकू आलं आणि तसंच लिहिलं गेलं. पुढे लिहिलेलं भरभर वाचून दाखवलं, सही घेतली. काय झालं ते मला घरी आल्यावर कळलं. दीर तुरुंगात गेला. सुटून आला तो खचलेलाच आला, आणि फार जगला नाही.

त्याच्या आधी माझ्या आणि दिराच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या जावेच्या, मध्ये माडांच्या आगराच्या वाटणीवरून, एका फणसावरून, कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, मी मुद्दाम 'नाही' म्हणाले. जावेलाही तेच वाटलं. आमच्या दोन पडव्यांमध्ये दगडांचा एक गडगा आहे, कमरेएवढा. त्या गडग्यावरून कितीतरी वर्षं शब्द गेला नाही. दोन वर्षांपूर्वी मी आजारी पडले तेव्हा तिने पेजेचं भांडं गडग्यावर ठेवलं. मग मी सोलकढी ठेवली. असं हळूहळू सुरू झालं होतं. ती मुलगी यायच्या आधीच्या गणपतीत जावेने विचारलं, "वयनी, तू खराच न्हंयर म्हणालंलंस?" मी म्हटलं, "गणपतीसमोर सांगतंय, न्हंयर म्हणालंलंय." ती मोदकाचं ताट घेऊन गेली.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "काकी, माझ्या खेळात ही साक्ष येऊ दे. तुमचं नाव येणार नाही. पण तिथे तरी तुमचा शब्द नीट ऐकला जाईल."

तुम्ही काय केलं असतं? मी हो म्हटलं.

मग तिने माझा आवाज घेतला. गादीची घडी उभी करून तिच्याआड मला बसवलं, पुढे मोबाईल. वाक्यं कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेली. "मी तेका न्हंयर बघितलंय." "माका खराच ठाऊक आसा." मी घाम पुसत पुसत बोलले. शेवटी एक वाक्य होतं, "होय, मी खोटा बोललंय." मी थांबले.

"ह्या माझा नाय."

"नाही हो, ते दुसऱ्या बाईचं. तिच्यासाठी कोणी मिळत नाहीये. तुमचा फक्त आवाज उसना."

मी म्हटलं ते. तिने तीनदा म्हणून घेतलं. आणखी जोरात, आणखी रडवेलं. मला ते चांगलं जमलं असं ती म्हणाली.

जाताना तिने मला साडी दिली, वाकून नमस्कार केला. रिक्षात बसून ओरडली, "काकी, तुका विसरणार नाही!" हे पुन्हा हसले. मी मागच्या खोलीत जाऊन बसले, तिथे तिच्या तेलाचा वास होता.

खेळ पावसाळ्यात आला. मला कळलं ते गिरणीवर. मी पीठ घ्यायला गेले तर बायका गप्प झाल्या. एकीने मोबाईल पदराखाली घेतला, पण बंद करायचं राहून गेलं. माझाच आवाज तिच्या पदरातून आला.

"होय, मी खोटा बोललंय!"

एवढा तुकडा कोणीतरी कापून वाडीत फिरवला होता. पुढचं-मागचं काही नाही. माझं नाव नव्हतं. नावाची गरज कोणाला होती? माझं नाक, माझी चमकी, माझी तुळस, आणि आवाज तर माझाच. "शेवटी कबूल झाली गो," कोणीतरी म्हणालं. दुसरी म्हणाली, "मेल्या माणसाक न्याय मेळालो." मी पीठ तिथेच ठेवून आले.

घरी आले तर गडग्यावर माझं भांडं होतं. घासलेलं, पालथं घातलेलं, रिकामं. आमच्याकडे भांडं कोणी रिकामं परत करत नाही. दोन लिंबं तरी असतात.

ह्यांनी तो खेळ मोबाईलवर घेतला. आम्ही दोघांनी बसून वाचला, अक्षर अक्षर लावत. माझा चौथा चेहरा मी तेव्हा बघितला. खेळणारा वकील म्हणतो, त्या वेळी सुकती होती, नदीत पाणीच नव्हतं, तर माणूस तिथे काय करत होता? लाल बटण दाबलं की काकीच्या डोळ्यांतून कारंजं उडतं, डोक्यावर नारळ पडतात, पदर फाटतो, आणि ती किंचाळते की मी खोटा बोललंय, आगराच्या वाटणीसाठी. आगर मी तिला सांगितलेलं. सुकतीही मीच सांगितलेली.

मी फोन कधी स्वतःहून करत नाही. त्या दिवशी केला.

"काकी! कसा वाटला?"

"सुकतेक माणूस न्हंयत मुळे काढूक जाता," मी म्हटलं. रडू येत होतं आणि तोंडातून नेमकं हेच आलं. "तुका सांगितलंलंय मी."

"मला माहीत होतं हो. पण खेळणाऱ्याला कुठे माहीत असतं? त्याला पटायला हवं ना."

"तू म्हणालंलंस, माझो शब्द आयकतले."

ती अगदी मायेने म्हणाली, आणि ती माया मला अजून टोचते, "काकी, आधी मी तसंच केलं होतं. पण साक्षीदार खरंच बोलत असेल तर लाल बटण दाबणार कशावर? खेळ पुढेच जात नव्हता. लोकांना तुमचाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, माहितीये?"

मी म्हटलं, "ता एक वाक्य काढ. माझी जाऊ माझ्याशी बोलणा नाय."

"एवढंच ना? काही हरकत नाही."

तिने काढलं. पण एकच वाक्य नव्हे, माझा आवाजच सगळा काढून टाकला. 'न्हंयर'सुद्धा गेलं. आता काकीचे नुसते ओठ हलतात आणि खाली अक्षरं उमटतात. मी पुन्हा फोन केला, तो तिने उचलला नाही. मग ह्यांनी केला, तोही नाही.

पाऊस उघडला तशी एका दुपारी मी मोबाईल घेऊन गडग्यापलीकडे गेले. जाऊ पडवीत लसूण सोलत बसली होती. तिने वर बघितलं नाही.

"कित्याक इलंस?"

"ह्या सगळा आयक. मगे गाळी घाल."

"आयकलंय मी. सगळ्या वाडीन आयकल्यान."

"तुकडो आयकलंस. आदी काय म्हटलंय ता आयक."

मी पायरीवर बसले आणि वाचायला लागले. बाहेर कोणाला ऐकू जाईल ह्याची मला नेहमी भीती वाटते. त्या दिवशीही वाटत होती. "मी... तेका... न्हंयर... बघितलंय. सुकती... होती. तो... चिखलात... होतो." पुढे वकिलाचं बोलणं आलं तेही वाचलं, की सुकतीला नदीत कोणी कशाला जाईल.

जावेचे हात थांबले. "कोण ह्यो शाणो? मुळे काय माडार लागतत?"

"तिना केल्यान. ती आमच्याकडची."

"ती तुका म्हणणारी?" जाऊ म्हणाली. "त्या सांजेक मुळ्यांची कडी मीच केलंलंय. पातेलाभर." मग बराच वेळ लसणाच्या साली गोळा करत राहिली. "परत वाच. न्हंयरचा."

त्या खेळाची एक रीत आहे. लाल बटण दाबलं नाही आणि नुसतं 'पुढे' दाबत राहिलं, तर साक्ष संपते आणि साक्षीदार पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागतो. कितीही वेळा.

"ह्या तांबडा काय?" जावेने बोट दाखवलं.

"ता दाबला काय मी खोटी ठरतंय."

"आणि नाय दाबला तर?"

"सांगतच रवतंय."

तिने लसणाची सुपली बाजूला सरकवली. मी पायरीवरून उठून तिच्या शेजारी बसले आणि परत वाचलं. मी तेका न्हंयर बघितलंय. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात खेळ करणारीचं नाव होतं. जावेने डोळे बारीक करून बघितलं.

"आणि ह्या वर काय लिवलंला?"

"ता रवांदे," मी म्हटलं, आणि 'पुढे' दाबलं.