नंदाताई बस शिकतात

नंदाताई मेश्राम वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी बस चालवायला शिकल्या. त्यांनी ते ठरवलं तेव्हा ‘कशाला हा उद्योग?’ म्हणणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

सिंगापूरच्या वुडलँड्स भागात आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहतो. त्या नवव्या मजल्यावर, मी बाराव्या. मी पुण्याची, इथे एका बँकेच्या आयटीत नोकरी करते. नंदाताई नागपूरच्या. लग्न करून इथे आल्या त्याला बावीस वर्षं झाली, इथलं नागरिकत्व घेऊनही दहाएक वर्षं झाली. त्यांचे मिस्टर उज्ज्वलदादा पाणी शुद्ध करण्याच्या तंत्रावर संशोधन करतात, मुलगी एकता पॉलिटेक्निकमध्ये शिकते. नंदाताई स्वतः चौदा वर्षं एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात होत्या. जहाजाने येणाऱ्या मालाचे कागद वाचायचे आणि त्यांतली माहिती कॉम्प्युटरमध्ये भरायची, हे त्यांचं काम. कंटेनरच्या नंबरातला एक आकडा चुकला तरी त्यांच्या नजरेला खुपायचा.

मग कंपनीने कागद वाचणारं सॉफ्टवेअर आणलं. सुरुवातीला सॉफ्टवेअरच्या चुका शोधायचं काम नंदाताईंकडे आलं. त्यांनी ते इतकं मन लावून केलं, की पाच महिन्यांत चुका जवळजवळ थांबल्या आणि त्यांची गरजही संपली. विभागातल्या अकरा जणांना एकाच दिवशी पत्रं मिळाली.

नंदाताई चार दिवस घरी बसल्या. पाचव्या दिवशी रोजगार केंद्रात गेल्या. इथे चाळिशीनंतर नवं काम शिकू पाहणाऱ्यांसाठी सरकार बरंच काही करतं, कोर्सच्या फीचा मोठा वाटाही उचलतं. तिथल्या सल्लागार बाईंनी सुचवलेला डिजिटल मार्केटिंगचा कोर्स त्यांनी केला, उत्तम गुणांनी पासही झाल्या. मग चाळीस ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावणं आलं. दोन्हीकडे समोर बसलेली माणसं त्यांच्या एकतापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी होती. दोन्हीकडून पुढे काही कळलं नाही.

बस कंपनीची जाहिरात त्यांनी बसमध्येच वाचली. ड्रायव्हर हवेत, इथल्या भाषेत ‘बस कॅप्टन’. अनुभवाची अट नाही, कंपनी शिकवेल आणि शिकण्याच्या काळातही पगार देईल. नंदाताईंकडे कारचं लायसन्स होतं. पूर्वी कधीतरी हौसेने काढलेलं. कार घेणं इथे महाग, त्यामुळे ते तसंच पडून होतं.

त्यांनी घरी विषय काढला त्या संध्याकाळी मी तिथेच होते.

एकताने मोबाइलमधून मान वर केली आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत विचारलं, “मा, बस ड्रायव्हर? सीरियस आह?”

उज्ज्वलदादांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “नंदा, आपल्या घरात तुझ्या-माझ्या आजोबांपर्यंत सगळ्यांनी अंगमेहनत केली. आपण शिकलो ते त्यातून बाहेर पडायलाच ना? तू बी. कॉम. आहेस. चौदा वर्षं खुर्चीवर बसून काम केलंस.”

“मी शिकायलाच तर चालली आहे,” नंदाताई म्हणाल्या. “आणि खुर्ची तिथेही आहे. खाली चाकं आहेत, एवढंच.”

हसावं की नाही ते मला कळेना. मी आपली मध्ये पडले. “नंदाताई, डेटाचा एखादा कोर्स करा ना. मी शिकवते तुम्हाला.”

“तू शिकवशील बाप्पा, मला माहीत आहे. पण चाळीस अर्ज करून पाहिले मी, चैत्राली. त्यांना माझी गरज नाही. यांना आहे. आणि खरं सांगू? मला ती गाडी चालवून पाहायची आहे.”

हे शेवटचं वाक्य त्या जरा हळू बोलल्या.

प्रशिक्षणाच्या तुकडीत नऊ जण होते. त्यांत बाई म्हणून त्या एकट्या, आणि वयानेही सगळ्यांत मोठ्या. शिकवणारे रहमान नावाचे साठीचे मलय गृहस्थ होते. सगळे त्यांना ‘चेगू’ म्हणत, म्हणजे गुरुजी. पहिल्या दिवशी चेगूंनी कुणाला स्टिअरिंगला हातही लावू दिला नाही. त्यांनी सगळ्यांना बसच्या मागच्या भागात दांडा न धरता उभं केलं आणि स्वतः गाडी चालवली. दोन वेळा मुद्दाम कचकन ब्रेक मारला. नंदाताई एका तरुण मुलाच्या अंगावर जाऊन आदळल्या.

“नाऊ यू नो,” चेगू म्हणाले. “तुमच्या मागे अशी साठ माणसं उभी असतील.”

लेखी परीक्षा नंदाताईंना जड गेली नाही. पन्नासातले अठ्ठेचाळीस मिळाले. अडलं ते गाडीशीच. बसची लांबी बारा मीटर, आणि ड्रायव्हर बसतो पुढच्या चाकांच्याही पुढे. म्हणजे वळणावर आपण स्वतः कोपरा ओलांडून गेलो की मगच स्टिअरिंग फिरवायचं. कारची सवय असलेला माणूस आधीच फिरवतो, आणि मागचं चाक फुटपाथवर चढतं. नंदाताईंचं नेमकं तेच व्हायचं. “आंटी, फ्रंट नेव्हर माइंड लाह!” चेगू ओरडायचे. “वॉच युअर बॅक व्हील!”

पहिल्या परीक्षेत अरुंद वळणावर त्यांचं मागचं चाक फुटपाथच्या कडेला घासलं. नापास. दुसऱ्या खेपेला वळणं नीट झाली, पण मोठ्या रस्त्यावर शिरताना त्या इतका वेळ थांबून राहिल्या की परीक्षकाने तिथेच शेरा लिहिला. पुन्हा नापास. तोवर तुकडीतल्या सहा जणांना लायसन्स मिळालं होतं. कंपनीने सांगितलं, आणखी एकच संधी.

त्या रात्री उज्ज्वलदादांनी मला फोन केला. “तू सांग तिला. माझं ऐकत नाही. झालं एवढं पुरे.”

रविवारी मी तेच सांगायला खाली गेले, तर नंदाताई घरी नव्हत्या. एकता म्हणाली, “शी इज अॅट द ब्रिज. एव्हरी डे सेम थिंग.”

इंटरचेंजजवळच्या, म्हणजे इथल्या मोठ्या बसस्थानकाजवळच्या पादचारी पुलावर त्या मला सापडल्या. कठड्याला टेकून उभ्या होत्या, हातात वही. खालून बस बाहेर पडायची आणि डावीकडे वळायची, की त्या काहीतरी टिपायच्या. वहीत वळणाची चित्रं काढलेली होती. ड्रायव्हर कुठे आला की चाकं वळायला लागतात, तिथे प्रत्येक चित्रात फुली.

“हे बघ,” त्या म्हणाल्या. “चांगला ड्रायव्हर हा सिग्नलचा खांब खांद्याच्या मागे गेल्याशिवाय हात हलवत नाही. तीस गाड्या पाहिल्या. सत्तावीस जणांनी तसंच केलं.”

“आणि उरलेले तीन?”

“त्यांची मागची चाकं पांढऱ्या रेषेवरून गेली.”

“नंदाताई, समजा तिसऱ्यांदाही…”

“मग दुसऱ्या कंपनीत अर्ज करीन.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढची बस येत होती. “मोठ्या रस्त्यावर शिरायची भीती अजून आहे. पण मी दोन दिवस मोजून राहिली. दोन गाड्यांच्या मध्ये वाटतं त्यापेक्षा जास्त जागा असते गं.”

मी जे सांगायला आले होते ते सांगितलं नाही. अर्धा तास उभी राहून त्यांच्यासाठी गाड्या मोजल्या.

तिसऱ्या परीक्षेत त्या पास झाल्या. त्यानंतर प्रवासी वाहनासाठीचं वेगळं प्रशिक्षण झालं. मग मार्ग पाठ करणं आलं: एकेचाळीस थांबे, प्रत्येकाचं नाव, कुठे झाडाची फांदी खाली आली आहे, कुठे शाळा सुटण्याची वेळ सांभाळायची. दोन आठवडे एक जुना ड्रायव्हर शेजारी उभा होता. मग एका मंगळवारी त्या एकट्या निघाल्या.

त्या दिवसाची हकिकत त्यांनीच मला सांगितली. पॉलिक्लिनिकच्या थांब्यावर व्हीलचेअरवर एक म्हातारे चिनी गृहस्थ होते, सोबत कुणी नाही. अशा वेळी ड्रायव्हरने उतरून मधल्या दारातला रॅम्प हाताने उघडायचा, खुर्ची आत घ्यायची, तिचं तोंड मागे करून चाकांचे ब्रेक लावायचे. शिकताना त्यांनी हे वीसेक वेळा केलं होतं. भरलेल्या बसमध्ये एकदाही नाही. जागा करायला त्यांनी माणसांना मागे सरकायला सांगितलं. कुणी सरकलं, कुणी तोंड वाकडं केलं. टाय लावलेला एक माणूस घड्याळ पाहत म्हणाला, “कॅन फास्टर ऑर नॉट?”

“नाही, सर,” नंदाताईंनी इंग्रजीत उत्तर दिलं. “हे एवढ्याच वेगाने होतं.”

आजोबांची खुर्ची त्यांनी दोनदा हलवून पाहिली, रॅम्प बंद केला, जागेवर येऊन आरसे पाहिले आणि मगच गाडी काढली. शेवटच्या थांब्यावर पोचायला चार मिनिटं उशीर झाला. नियंत्रण कक्षातून विचारणा झाली, त्यांनी कारण सांगितलं, आणि विषय तिथे संपला. हे सांगताना त्यांच्या आवाजात बढाई नव्हती. एखादं अवघड गणित जमल्यावर माणूस जसं बोलतो, तसं बोलत होत्या.

सगळं गोडच झालं असं नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या बसचा डावा आरसा एका फांदीला लागून तडकला. कुणी पाहिलं नव्हतं. डेपोत गेल्यावर त्यांनी स्वतःच लिहून दिलं. त्यांना दोन दिवस पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं गेलं. माझ्यासारखीला त्याची लाज वाटली असती. नंदाताई म्हणाल्या, “बरं झालं. डावीकडचं अंतर मला कच्चंच होतं.”

घरात बदल सावकाश झाले. पहाटेची पाळी असली की स्वयंपाक उज्ज्वलदादांकडे आला. त्यांची भाजी पहिले काही आठवडे कुणाच्या घशाखाली उतरेना; आता बरी होते. बायको बस चालवते हे ते मित्रांत आपणहून सांगत नाहीत. पण मागच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, “वहिनी सध्या ड्रायव्हर का?” तेव्हा ते एवढंच म्हणाले, “हो. तिसऱ्या खेपेला पास झाली. तुम्ही परीक्षा देऊन बघा एकदा.” नंदाताईंना हे मीच सांगितलं. त्या दिवशी त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

आता त्यांच्या डेपोत विजेवर चालणाऱ्या बस येत आहेत. जुन्या ड्रायव्हरांपैकी काही जण नाखूश आहेत. अॅक्सिलरेटरवरचा पाय वर घेतला की गाडी आपोआप मंदावते, त्यामुळे ब्रेकचा सगळा अंदाज बदलतो. नव्या गाडीच्या पहिल्या वर्गासाठी नावं मागवली, तेव्हा नंदाताईंनी त्याच दुपारी नाव दिलं. गेल्या शुक्रवारी मी त्यांच्याकडे गेले, तर त्या जेवणाच्या टेबलावर माहितीपुस्तक उघडून बसल्या होत्या आणि एकता त्यांना त्यातल्या तांत्रिक शब्दांचे अर्थ सांगत होती. शिक्षकाला विचारायचे नऊ प्रश्न लिहून झाले होते.

“दहावा सुचतोय का तुला?” त्यांनी मला विचारलं, आणि खुर्ची सरकवून बसायला जागा केली.