मामांची चिमूटभर पावडर

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे. उद्यावर टाकलं तर मी ते शहाण्यासारखं नीटनेटकं लिहीन आणि मग त्यात मामा उरणार नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी मी किकवीच्या स्टॉपवर पुण्याच्या एसटीची वाट बघत उभी होते आणि मामीचा फोन आला. "मामा गेलं गं तुझं..." एवढंच बोलली. चहा पिता पिता छातीत कळ आली आणि संपलं. खोटं कशाला सांगू, रडायच्या आधी माझ्या डोक्यात आलं, आता माझ्या बाटल्या कोण भरणार? त्याची अजून लाज वाटते.

तर बाटल्यांचं असं. मामा मूळचे वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरचे, भोरच्या एका दवाखान्यामागच्या सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर होते. मी पुण्यात एमएस्सी करते. औषधांना दाद न देणारे बॅक्टेरिया सांडपाण्यातच कॅटॅलिस्टनं मारायचे, हा माझा प्रोजेक्ट. काचेच्या पट्ट्यांवर पांढरा थर द्यायचा, त्या पाण्यात सोडून उन्हात ठेवायच्या. ऊन पडलं की थर कामाला लागतो, बॅक्टेरिया मारतो, स्वतः मात्र संपत नाही. मामांना हे फार आवडलं. टाकीतलं पाणी पुढं ओढ्याला जातं, तिथं खाली मेंढरं पितात, हे त्यांना कायम खुपायचं. "आपल्या हितल्या पाण्यावर चाललं तर खरं," म्हणायचे.

पहिल्या खेपेला त्यांनी टाकीतल्या पाण्यानं बाटल्या भरून, पुसून, कापडी पिशवीत घालून दिल्या. पट्ट्यांचं काम झाल्यावर ते पाणी लॅबमध्ये जेलीच्या प्लेटांवर पसरलं, जिवंत बॅक्टेरिया असले तर त्यावर ठिपके उगवतात. तिसऱ्या दिवशी प्लेटा बघितल्या तर सगळ्या कोऱ्या, एक ठिपका नाही. मी नाचायचीच बाकी होते. माझ्या गाईड मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कॅटॅलिस्ट न वापरलेली प्लेटही कोरीच आहे, बघितलीस का?" म्हणजे पाण्यात आधीपासूनच काही जिवंत नव्हतं, गेलं सगळं... दुसऱ्या खेपेलाही तेच. आता शेवटची संधी, नाहीतर विषय बदल, असं त्यांनी सांगून टाकलं.

मी तणतणत भोरला गेले. "मामा, पाण्यात काही टाकलंत का?"

ते व्हॉल्व्ह फिरवता फिरवता म्हणाले, "ब्लिचिंग पावडर. चिमूटभरच. वासापुरती."

"अहो पण कशाला?"

"एसटीत मांडीवर घेऊन बसती तू. लोकं नाकाला रुमाल लावणार. कुणी बोललं मंजी तुला?"

काय चिडणार मी... मग तेच मिश्कील हसले. "पर तुझ्यापेक्षा माझी पावडरच भारी निघाली की. कशाला पायजे कॅटॅलिस्ट?" मी सांगितलं, पावडर रोज टाकावी लागते. आणि बॅक्टेरिया मेले तरी त्यांच्या जनुकांतली औषधाला चकवायची युक्ती पाण्यात पडून राहते, जिवंत असलेले ती उचलतात. आपल्याला ती युक्तीसुद्धा तोडायची आहे. मामा म्हणाले, "मंजी मेलं तरी शाळा चालूच? लई चिवट जात हाय. तू सोमवारी ये, आता जसं हाय तसं देतो." त्या सोमवारच्या आधीच मामीचा तो फोन आला.

मामांचं दिवसकार्य झाल्यावर मी प्लांटवर गेले, आशा काहीच नव्हती. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या संगीताताईंकडं आता टाकीचं काम दिलंय. नाकाला पदर लावून, हात लांब करून त्यांनी बाटल्या पुढं धरल्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "पावडर न्हाई टाकली. दमच दिलावता तुझ्या मामांनी, वास आला तर येऊ दे, पोरीच्या पाण्याला हात लावायचा न्हाई. पर बाई, एसटीत बसनार कशी गं तू?"

मागच्या सीटवर, खिडकी उघडी टाकून बसले. कंडक्टर म्हणाले, "ताई, सुकट हाय का पिशवीत?" मी खरं काय ते सांगितलं, तर तिकीट फाडून थेट पुढं ड्रायव्हरपाशी जाऊन उभे राहिले.

आज सकाळी प्लेटा बघितल्या. कॅटॅलिस्ट न वापरलेल्या पाण्याची प्लेट ठिपक्यांनी गच्च भरलेली, कॅटॅलिस्टची कोरी. युक्ती तुटली का ते अजून तपासायचंय, पण मॅडमनी विषय बदल म्हटलं नाही. संगीताताईंना फोन केला तर त्यांनी एवढंच विचारलं, "मग पुढच्या सोमवारी किती भरू?"

तुमच्याबाबतीत झालंय का असं? आपल्याला वाटतं, माणसाबरोबर आपलं कामही गेलं... आणि ते माणूस आधीच कुणाला तरी सगळं बजावून गेलेलं असतं?