दादाचा गळा आणि माझे उच्चार

नागपूरच्या एका कचेरीत नोकरी लागली म्हणून मी बोरगाव सोडलं, त्या दिवशी माझी ट्रंक डोक्यावर घेऊन वर्धा स्टेशनापर्यंत आला तो लहानूदादा, माझा थोरला भाऊ. गाडीला वेळ होता. माय पदराने डोळे पुसत होती. दादाने ट्रंक खाली ठेवली, तिच्यावर बोटांनी ताल धरला आणि माझ्यावरच एक गमतीचं गाणं रचून म्हणायला लागला. माय रडता रडता हसली. बाजूचे उतारूही गोळा झाले. गाव सोडून चाललो होतो मी, आणि सगळे बघत होते दादाकडे! गाडी सुटल्यावर गावाची आठवण यायच्या आधी मला त्याचा राग आला. खोटं कशाला सांगू?

लहानपणापासून हेच. दादाने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, मी सातवी पास. पण भजनात लोक त्याला पुढे बसवायचे आणि माझ्या हाती टाळसुद्धा द्यायचे नाहीत. मी कुरकुर केली की माय म्हणायची, "त्याले गळा भेटला, तुले अक्षर भेटलं. काऊन जळतं रे?" जळत होतो खरा. दुसऱ्याच्या शेतात राबून दादानेच मला शिकवलं होतं. ते ठाऊक असूनही जळत होतो.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर नागपुरात आमच्या वस्तीत एक भन्तेजी, म्हणजे बौद्ध भिक्षू, दर रविवारी पाली वंदनेचा वर्ग घेऊ लागले. ते सिलोनचे. मराठी त्यांना येत नव्हती, हिंदी मोडकीतोडकी. पाली तर आमच्यापैकी कोणाच्या कानावरून कधी गेलीच नव्हती. आधी ते पोटावर हात ठेवायला लावत, "यहाँ से" म्हणत आणि श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा ते दाखवत. आमची वऱ्हाडी जीभ 'ण' म्हणायला तयारच नसे. पाण्याला आम्ही जन्मभर पानीच म्हणत आलो. मी चिकाटी सोडली नाही. नळावर, आरशापुढे, सायकलवर घोकत राहिलो. बायको म्हणायची, "भूतबित लागलं का तुमाले?" चार महिन्यांनी भन्तेजींनी साऱ्या वर्गासमोर माझ्याकडे बोट दाखवून "शुद्ध" म्हटलं. दोन दिवस मी नीट जेवलो नाही, इतका आनंद. आता दादा काय करील ते बघू, हाच विचार डोक्यात.

दादा मधे एकदा नागपूरला भेटायला आला होता. वर्गात मागे बसला. घरी आल्यावर म्हणाला, "मले बी सांग ना रे, बापू." मी मास्तरकीच्या थाटात सांगितलं, शब्दाशब्दाला चुका काढल्या आणि मनात म्हटलं, ह्याला काय जमणार!

पुढे आमच्या धाकट्या बहिणीचं, शांताचं लग्न ठरलं. नव्या, बौद्ध पद्धतीचं आमच्या गावच्या वस्तीतलं हे पहिलंच लग्न. भन्तेजींना येणं शक्य नव्हतं. आमच्या बाबांनी गावाहून निरोप धाडला, "तू शिकला हायेस, वंदना तूच म्हनजो." मी सुटी टाकली, पांढरे कपडे शिवून घेतले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी गावच्या वस्तीत शिरलो तर पिंपळाखाली दादा बसलेला. तो वंदनेची एकेक ओळ म्हणत होता आणि त्याच्यामागे अख्खी वस्ती म्हणत होती, कडेवर पोर घेतलेल्या बायासुद्धा. माझ्याकडच्या त्या एका दिवसावर आणि शेजारच्या पोरीकडून वंदनेची पुस्तिका वाचून घेऊन त्याने सगळं पाठ केलं होतं. वर भजनाची चाल लावली होती. उच्चार एक धड नव्हता. पण लोकांचे डोळे मिटलेले होते आणि आवाज एक होता.

मांडवात बाबा म्हणाले, "सुरुवात लहान्या करीन. लोकायले त्याची सवय झाली. मंग तू म्हनजो." दादाने सुरुवात केली, लोक मागे म्हणू लागले. दुसऱ्या ओळीला मी उठलो आणि मोठ्याने म्हणालो, "चुकलं, दादा! असं नाही." लगेच ती ओळ शुद्ध म्हणून दाखवली.

दादा थांबला. त्याने हात जोडले. "मले का समजते? तूच म्हन, बापू." एवढं बोलून तो बाजूला सरकला.

मी म्हटलं. पोटातून, श्वास सांभाळून, एकही चूक न करता. ओळ संपवून लोकांसाठी थांबलो. कोणी तोंड उघडलं नाही. पुढची ओळ म्हटली, पुन्हा तेच. शांता मान खाली घालून उभी होती. तेवढ्यात सखूमावशी शेजारणीला हळूच काही म्हणाली. जन्मभर जिला देवळाची पायरी चढू दिली नव्हती ती ही सखूमावशी. हळूच म्हणाली, पण त्या शांततेत मांडवभर ऐकू गेलं. "चूप राह्य, बाई. इथं बी आपलं तोंड चालत नाई."

बाकीचं सगळं मी एकट्याने म्हटलं. लग्न लागलं.

याला पुष्कळ वर्षं झाली. नागपुरात लोक मला वंदनेसाठी लांबून लांबून बोलावतात, माझ्या उच्चारांची तारीफ करतात. माझ्यासारखंच गाव सोडून आलेल्या तुमच्यापैकी कितीकांची लग्नं मीच लावली आहेत. दादाने त्या दिवसावरून मला कधी बोल लावला नाही. मी गावी गेलो की तो उठून मला आपली जागा देतो, आणि वस्ती गुमान बसून माझं ऐकते. माफी मागावी असं दर वेळी ठरवून जातो, पण त्याचा आवाज कानी पडला की आधी हेवाच वर येतो. अजून येतो.

म्हणून आता पौर्णिमेच्या वंदनेला गावी गेलो तर मी वस्तीच्या अलीकडे विहिरीपाशी थांबतो. तिथून दादा ऐकू येतो, त्याच्यामागून सगळे. मीही त्यांच्यामागे हळू आवाजात म्हणतो, त्यांच्यासारखंच चुकीचं. माझं घर आता त्या विहिरीपर्यंतच आहे. त्यांचं म्हणून होईस्तोवर मी पुढे पाऊल टाकत नाही. मला पाहिलं की ते थांबतात.