गोजराआत्याच्या मांडवाला रस्त्यात भोकं

सारसोळ्यात लग्नाला भट नसला तरी चालतं, आमची गोजराआत्या नसली तर नाय चालत. ती धवलारीन. मांडवात बसून धवले गाते, एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते. गावातल्या निम्म्या पोरी तिनंच सासरी धाडल्या. शहाऐंशी साली तिच्या सोताच्या पोरीचं, पुतळाचं ठरलं. नवरा खाडीपलीकडच्या न्हावा गावचा. आत्यानं तवाच सांगून टाकलं, "मांडव माज्याच दारात पडनार."

दार म्हंजे गल्ली. आमच्यात मांडव गल्लीतच पडतो.

नेमकं तेव्हाच गल्ली काँक्रीटची करायचं निघालं. गटार पन होनार होतं. एक सायेब आला, देशावरचा, मानूस बरा. बोलला, "आधी गल्ली मोजतो. मग तुम्हाला विचारून नकाशा करतो."

मोजतो बोलला आनि घोळ झाला. नवीन शहरासाठी आमची शेतं गेली, मिठागरं गेली, तेवा आमी एकच गोष्ट शिकलो होतो. मोजलं की मोबदला मिळतो. आत्या मला बोलली, "अरे, ओटा मोजनार! वाढव लवकर." मी इटा आनल्या, ओटा पुढं घेतला. समोरच्या सुंदराबाईनं बघितलं, तिनं त्याच्याहून पुढं घेतला. मग काय, सगळी गल्लीच बांधायला लागली. समोरून मानूस आला की एकाला ओट्यावर चढावं लागायचं.

सायेब टेप घेऊन आला आनि उभाच राहिला. "मागच्या वेळी इथं गल्ली होती ना?"

आत्या बोलली, "हाय की. बारीक झाली जरा."

"मोबदला बिबदला काही नाही हं. ओटे रस्त्याच्या जागेत आहेत."

आत्याचं तोंड बघन्यासारखं झालं. पन पाडायचं नाव कोन घेईना. मग मी मांडवाचा बांबू आनून उभा करून बघितला. दोन ओट्यांच्या मधी एक पाट मावत होता, बस.

"पुतळा हितं बसंल," आत्या बोलली. "आनि नवरा?"

समोरून सुंदराबाई वरडली, "माज्या मांडीवर बसव! जागा हाय!"

आत्या हसली नाय. ती हसली नाय म्हंजे टेन्शन.

देवळापुढं मिटिंग झाली. सायेबानं नकाशा पसरला. प्रत्येक जन समोरच्याच्या ओट्यावर बोट ठेवत होता. सायेब घामाघूम. शेवटी आत्या उठली.

"सायेब, काँक्रीट झाल्यावर मांडवाचा खांब कुठं पुरायचा?"

"आता हॉल होतोय की सेक्टरात. तिथं करा लग्न."

"हॉलात देव येतील काय? तेंना पत्ता म्हाईत हाय?"

सगळे हसले, सायेब पन. आत्या बोलली, "रस्त्याला भोकं ठेवा. खांबाची."

"बाई, रस्त्यातली भोकं बुजवतात. वर काय सांगू मी?"

"सांगा, गोजराबायच्या पोरीचं लगीन हाय."

सायेबानं पेन्सिल कानाला लावली. जरा विचार केला. "पाइपाचे तुकडे गाडता येतील. कडेला. वर झाकण. पण आधी ओटे मागं घ्या."

कोन कोनाकडं बघत नाय. आत्या बोलली, "चल रे," आनि तडक घरी. मागनं सायेब आनि सगळी मिटिंग. मला पहार दिली. पहिला घाव मात्र तिनंच घातला. इटा मीच लावल्या होत्या, चांगल्या लावल्या होत्या, लवकर निघेनात.

सुंदराबाई कमरेवर हात ठेवून उभी. "पहिला वाढवला तूच. पहिला पाडायचा मान पन तुजाच."

"मंग तू दुसरी हो की."

"होते. पन एक भोक माज्या दारात पायजे. माज्या नातीचं पन लगीन व्हनार."

"नात चार वर्साची हाय, सटवे!"

"काँक्रीट टिकल ना तवर, सायेब?"

सायेब बोलला, टिकेल. सुंदराबाईनं घरातनं घन आनला. दुपारपर्यंत गल्लीभर धूळच धूळ, एकमेकींना शिव्या आनि चहा.

लग्नाच्या आधी काँक्रीट झालं. पाइपात खांब बसवले, दोन इकडं, दोन सुंदराबाईच्या दारात. नवऱ्याकडचे होडीनं आले, गल्लीनं वाजत वर आले. सायेबाला बायकांनी पकडून हळद फासली, तो पांढऱ्या शर्टात तसाच जेवायला बसला.

आत्यानं धवला धरला. खाडीचे देव बोलावले, डोंगरातले बोलावले, एकालाही सोडलं नाय. दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नात ती कधी अडखळली नव्हती. पुतळाचं नाव आलं आनि तिचा आवाज बसला. तोंड उघडं, सूरच येईना.

तर समोरच्या खांबाजवळनं सुंदराबाईनं पुढची ओळ उचलली. बेसूर. रेड्यासारखी. तरी आत्यानं तिच्या आवाजात आवाज मिळवला आनि धवला पुरा केला.

कोन हसलं नाय. हसला असता तर त्याला बघायला मी तिथंच उभा होतो.