मुकी झालेली होडी

त्या होडीचा तपास माझ्या मनातून अजून उतरलेला नाही. खुनाचे आणि दरोड्याचे गुन्हे मी पुष्कळ हाताळले. त्यातले कित्येक आरोपी आता समोर उभे राहिले तरी ओळखणार नाही. पण कृष्णाकाठच्या त्या साध्या चोरीची आठवण निघाली की हातातला चहा गार होतो.

स्वातंत्र्यापूर्वीचा काळ होता. निपाणीच्या पूर्वेला, नदीकाठच्या एका ठाण्यावर मी नवाच फौजदार होतो. नदीचा अलीकडचा काठ इंग्रजी हद्दीत, पलीकडचा संस्थानात. पलीकडे तपासाला जायचे तर आधी तिकडच्या अधिकाऱ्याला लिहायचे, मग उत्तराची वाट बघत बसायचे. तोवर चोर जेवून, हात धुऊन झोपलेला असे. हा हद्दीचा भूगोल शाळेतल्या मास्तरांपेक्षा चोरांना जास्त पाठ होता.

एका सकाळी हजेरी चालू असताना एक होडीवाला फिर्याद द्यायला आला. वय साठीकडे झुकलेले, हाताला रॉकेलचा वास. सगळा काठ त्याला अण्णा म्हणे. त्याची इंजिनाची होडी घाटावरून चोरीला गेली होती. खूण विचारली, तर म्हणाला, "आवाज हीच खूण, सायेब. टॅपेट वाजतंय तिचं. लांबनं बी कळतंय."

आमचे हवालदार हसले. "अण्णा, एवढा जुना माणूस तू. टॅपेट बसवता येत नाही तुला?"

"येतंय की. मुद्दाम ढिलं ठेवलंय. न्हायतर लेकीला कळंल कसं?"

मग त्याने सांगितले ते असे. त्याची एकुलती मुलगी नदीपल्याड, खालच्या अंगाच्या गावात दिलेली. लग्नात व्याह्यांच्या थोरल्या भावाला फेटा बांधायचा राहून गेला. घाईत झाले, मुद्दाम कोणी केले नव्हते. पण भर मांडवात मानपानावरून बिनसले ते बिनसलेच. त्या घरी अण्णाला दार बंद, मुलीला माहेर बंद. हा आपला उतारू घेऊन त्यांच्या घाटावरून जायचा. होडीचा आवाज आला की मुलगी घागर घेऊन पाण्याला यायची. हा इंजिन मंद करायचा. बोलणे नाही, हाक नाही. एकमेकांना बघायचे आणि पुढे जायचे.

"दुसऱ्याच्या होडीतनं गेलो तर तिला कसं कळावं, म्या आलोय म्हणून? आन ती तरी रिकाम्या घाटावर कितींदा यील? सासू इचारती की."

मी तक्रार नोंदवून घेतली. जबाबात इंजिनाची आणखी काही खूण असल्यास सांग म्हटले. तो म्हणाला, वरचे झाकण उघडले की शेवटच्या टॅपेटच्या नटाखाली पितळेची चकती दिसेल. ती मुलीच्या लहानपणच्या फुटक्या तांब्यातून त्याने स्वतः कापून घातली होती. मी ते शब्दशः लिहिले आणि त्याचा अंगठा घेतला.

त्यानंतर अण्णा रोज ठाण्यावर यायचा. दारातल्या बाकावर बसायचा, आमच्याकडे काही बातमी नाही हे बघून उठायचा. भांडला असता तर बरे वाटले असते. काठावरच्या सगळ्या गावांत आम्ही विचारपूस केली. अशी वाजणारी होडी कोणाच्याच कानावर आली नव्हती.

धागा मिळाला निपाणीच्या बाजारात. साध्या वेशात फिरणाऱ्या आमच्या एका शिपायाच्या कानावर एका तंबाखूवाल्याच्या शिव्या पडल्या. त्याचे गोणपाटात बांधलेले तंबाखूचे बोद नव्या रंगाच्या एका होडीत अर्ध्या नदीत अडकून पडले होते. शिपायाने ठाण्यावर येऊन सांगितले, "होडी सुटताना झकास सुटते म्हणे, आवाज अजिबात नाही. पण इंजिन तापलं की बंद पडतं. थंड झालं की पुन्हा चालू."

बाकावरचा अण्णा ताडकन उठला. "टॅपेट आवळल्यात भडव्यानं! सायेब, माझीच हाय ती!"

मी त्याला खाली बसवले आणि नीट समजावून घेतले. इंजिनाच्या झडपेत आणि तिला दाबणाऱ्या टॅपेटमध्ये केसभर फट ठेवावी लागते. फट जास्त झाली तर टकटक वाजते, बाकी फारसे बिघडत नाही. पण फट ठेवलीच नाही, तर तापल्यावर लोखंड फुगते, झडप पुरती मिटत नाही आणि इंजिनाचा दम जातो. बाहेरून मात्र सगळे कसे शांत.

आता प्रश्न हद्दीचा होता. होडी फिरत होती पलीकडच्या काठाने. पण एका वळणावर नदीची ओढ आमच्या अंगाला होती. बंद पडलेली होडी वाहत येणार ती आमच्याच काठाला. मी तिथे दोन शिपाई बसवले. पलीकडे पत्र लिहायचा त्रास घेतला नाही. दुपारच्या उन्हात एकदा ती होडी मधोमध मेली आणि डुलत डुलत इंग्रजी हद्दीत आली. शिपायांनी दोर टाकून तिचे स्वागत केले.

होडी चालवणारा गडी पक्का होता. होडी कोकणातून विकत आणली, विकणारा मेला, असे सगळे तयार. खोटे बोलणाऱ्याला धमकावून फार काही निघत नाही, त्याला फुशारकी मारू द्यावी. मी चहा मागवला आणि म्हणालो, "एवढं शांत इंजिन मी आजवर ऐकलं नाही. कोणाचं काम?"

"माझंच की, सायेब. ह्या हातानं बसवलंय."

"फट किती ठेवलीस?"

"ठेवलीच न्हाय. उगं वाजतंय कशाला?"

"वाजलं तर काय होतं?"

"लोक वळून बघत्यात." हे बोलला आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

"लोकांनी वळून बघितलं तर तुझं काय जातं, बाबा?" त्यानंतर तो सगळे बोलला. पण पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून पंचांसमोर इंजिनाचे झाकण उघडले. शेवटच्या नटाखाली पितळेची चकती होती. पंचनाम्यावर सह्या होत असताना अण्णा त्या चकतीवरून अंगठा फिरवत बसला होता. मुद्देमालाला हात लावू नको असे त्याला सांगायला हवे होते, पण मी सांगितले नाही.

मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या हुकमाने होडी जामिनावर अण्णाच्या ताब्यात दिली. त्याने घाटावरच टॅपेट बसवायला घेतली. फटीत पत्र्याची पट्टी सरकवून बघायची, नट आवळायचा, पुन्हा बघायचे. पुढच्या झडपा अगदी बिनआवाजाच्या झाल्या. शेवटच्या झडपेची फट त्याने वाढवली. होडी सुरू झाली आणि टकटक नदीभर पसरली. मीही तिच्यात बसलो. तपास संपला होता, माझे तिथे काही काम नव्हते. पण मला बघायचे होते.

मुलीच्या गावचा घाट आला. अण्णाने इंजिन मंद केले. घाटावर कोणी नव्हते. तो एक वळसा घालून परत आला. तरी कोणी नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे धाडस मला झाले नाही. तो परत फिरणार इतक्यात पायऱ्यांवरून एक वयस्क बाई उतरताना दिसली. अण्णा पुटपुटला, "सासू."

ती पाण्याच्या कडेला येऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवून ओरडली, "कुटं गेलतासा इतकं दिस? पोरीनं कान लावून लावून जीव खाल्ला आमचा! नातू झालाय तुमास्नी. बाळंतीण कशी येनार पान्याला? वर या आता!"

अण्णाने होडी काठाला लावली. पण उतरेना. एक पाय पायरीवर, एक होडीत. शेवटी त्या बाईनेच हात पुढे केला आणि म्हणाली, "या की, व्याही. फेट्याचं बघू मागनं."

मी होडीतच थांबलो. वरच्या घरातून एका तरुण मुलीचे रडणे आणि हसणे एकदमच ऐकू आले. मी नदीकडे तोंड फिरवले. फौजदाराने रडू नये, एवढे भान होते.

या गुन्ह्याने मला एक सवय लावली. पूर्वी मी फिर्यादीला गेलेल्या वस्तूची किंमत विचारीत असे. त्यानंतर मी आधी विचारू लागलो, की ती गेल्याने तुझे काय अडले. पुढच्या नोकरीत पुष्कळ तपास त्या एका प्रश्नाने सुटले.

आता मी बेळगावात एकटा असतो. माझी मुलगी लांब दिली आहे. भांडण नाही, मानपान नाही, तिला संसारातून सवड होत नाही इतकेच. सुट्टीच्या दिवशी गल्लीत मोटारीचा आवाज आला की मी उठून दारापर्यंत जातो. मोटार शेजाऱ्यांकडे आलेली असते. मी थोडा वेळ दारातच उभा राहतो. आत येऊन बसलो, तरी दार लावत नाही.